लांबून ऐकू आली तर

११ जानेवारी १९७१, सोमवार

शाळा सुटल्यावर सात आया आल्या. पुढे अर्थातच गिरणीवाली प्रिसिलियाना. या गावात मयताला आणि भांडणाला तीच पुढे असते. आधी माझी तब्येत विचारली, मग माझ्या कोंबड्यांची, मग शाळेच्या गळक्या छपराची. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची सवय मला एकोणतीस वर्षं ठाऊक आहे. शेवटी मीच म्हटलं की बायांनो, तुमच्या चुली खोळंबल्यात, काय ते बोला.

मुलं पुन्हा कालव्यावर जाऊ लागलीत. उसाच्या पाचटावर बसून सिमेंटच्या उतारावरून घसरतात आणि पाण्याला पाय लागायच्या आत टाच रोवून थांबतात. जो सगळ्यात खाली जाऊन थांबेल तो जिंकला. माझ्या वर्गातली ओतिलिया तिथेच बुडून गेली, त्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत.

पूर्वी हा साधा मातीचा पाट होता. पोर पडलं तर वाळुंजाच्या मुळ्या धरून वर यायचं आणि चिखलाच्या कपड्यांबद्दल घरी मार खायचं. गेल्या वर्षी सरकारने सिमेंट केलं. आता उतारावर शेवाळ धरतं आणि गडी माणूससुद्धा आपल्या आपण वर येऊ शकत नाही.

प्रिसिलियाना म्हणाली, "भूत नाही असं तुम्हीच शिकवलंत, बाई. आम्ही योरोनाचं नाव काढलं की पोरं हसतात. बाई म्हणाल्या नाही, म्हणजे नाही. आता तुम्हीच सांगा, आहे म्हणून."

मी नाही म्हटलं. जरा फटकळपणेच म्हटलं. माझे वडीलही मास्तर होते. आमच्या घरात योरोनाला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. म्हणे स्वतःची लेकरं पाण्यात बुडवली, आणि आता पांढरा झगा घालून पाण्याकाठी 'माझी लेकरं' म्हणत रडत हिंडते आणि तिन्हीसांजेला जे पोर सापडेल ते आपलंच समजून घेऊन जाते. असल्या गोष्टींशी भांडण्यात माझी उमर गेली. आता निवृत्तीला आल्यावर मीच तिला वर्गात आणून बसवू?

१३ जानेवारी, बुधवार

आज मुद्दाम कालव्यावरून आले. नऊ मुलं होती. नऊच्या नऊ माझ्या वर्गातली, शाळेत वर्गच एक. मला पाहिल्यावर पाचट पाठीमागे लपवून "नमस्कार बाई" म्हणाली. सगळ्यांत धाकटं सहा वर्षांचं. त्याच्या चड्डीच्या मागे शेवाळाचा हिरवा डाग होता.

दोन घास गिळले आणि ताट सारलं. जे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. ओतिलिया गेली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या टेबलापाशी येऊन तिने विचारलं होतं, "बाई, कालव्यात खरंच कुणी नसतं ना?" मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "कुणी नसतं, जागेवर बस." तिने बहुतेक तो शब्द धरून ठेवला.

तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातावर धरलं होतं. तेव्हापासून तिची आई होविता मला 'कोमाद्रे' म्हणायची. मुलीची एक आई ती आणि धर्माची दुसरी मी, असं ते नातं. पुरलं त्या दिवसापासून ती मला 'बाई' म्हणते. तिचा नवरा सीमेपलीकडे, उत्तरेला, मजुरीला गेलाय आणि त्याचं पत्रही येत नाही. घरात ती एकटीच.

उद्या सांगते. पुन्हा एखाद्या आईचं लेकरू त्या पाण्यात जाणार असेल, तर माझं शास्त्र घेऊन काय लोणचं घालायचंय?

१४ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. तेसुद्धा विज्ञानाच्या तासाला. वडील असते तर कान धरून बाहेर काढलं असतं.

आणि काय ती फजिती! मला गोष्टच धड येत नव्हती. मी म्हटलं, मुलांनो, रडणं जवळून ऐकू आलं की घरी पळायचं. वर्गात कुजबुज झाली. दहा वर्षांची कासिल्दा उभी राहिली. ही मुलगी मोठेपणी वकील होणार किंवा तुरुंगात जाणार.

"उलटं आहे, बाई. ती मोठ्याने, जवळून ऐकू आली तर लांब असते. अगदी बारीक, लांबून ऐकू आली, तर ती इथेच मागे असते."

ध्वनी म्हणजे काय ते याच मुलांना मी ऑक्टोबरात शिकवलंय. तरीही म्हटलं, बरोबर आहे, कासिल्दा, बस खाली. गावात हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मलाच नव्हता. मुलांच्या चेहऱ्यांवरचं हसू हळूहळू मावळलं. बाईंनी सांगितलं म्हणजे आता विषय संपला. मला लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं, इतकी मुलं माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवतात म्हणून.

२२ जानेवारी, शुक्रवार

सुंठेवाचून खोकला गेला. आठ दिवसांत कालव्यावर एक मूल नाही. आया कृतज्ञ आहेत, म्हणजे मला खायला घालून मारायचं त्यांनी ठरवलंय. सोमवारी अंडी आली, मंगळवारी मक्याची पेज, काल भोपळ्याच्या बियांची चटणी. इतकी माया एकोणतीस वर्षांत बाराखडी शिकवून मिळाली नव्हती, ती एका थापेने मिळाली.

गंमत म्हणजे आता मुलांना ती ऐकूही येते. कासिल्दा सांगत होती, तिन्हीसांजेची घंटा झाल्यावर पाणी सोडायच्या दारापाशी, फार बारीक, फार लांबून. आणखी तिघांनी ऐकली म्हणे. मी गंभीर तोंड करून ऐकलं आणि घरी येऊन पोटभर हसले. बी पेरलं की कानांनाही पीक येतं.

येताना होविता भेटली. परकराची कड भिजून पायांना चिकटली होती. रानभाजी खुडायला गेले होते म्हणाली, पण टोपली रिकामी होती. वाळून काटकी झालीये. मी तिला चांगलंच सुनावलं, की उन्हं उतरल्यावर भाजी दिसते का कुणाला? सकाळी जात जा, कामात मन घाल, हिंडून दुःख कमी होत नाही. ती म्हणाली, "हो बाई." समजूतदार आहे बिचारी. पटलं तिला.

२ फेब्रुवारी, मंगळवार

कांदेलारियाचा, मेणबत्त्यांचा सण. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोड पावातली बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली होती, म्हणून रिवाजाप्रमाणे आज मक्याच्या पानात उकडलेले तमाल खाऊ घालायची पाळी माझी. मला तमाल येत नाहीत हे जगजाहीर आहे. प्रिसिलियानाने सकाळीच येऊन माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि म्हणाली, बाई, तुम्ही फळ्यावर लिहा.

सगळी आली, जेवली. होविताही आली. याचा मला फार आनंद झाला, कारण ती कुठेच जात नाही. खाल्लं नाही फारसं, पण येताना हातगाडीवर घालून तिचा पाटा-वरवंटा घेऊन आली. काळा दगड, तिच्या आजीचा. मक्याचं वाटण त्याच्यावरच करायचं, गिरणीचं पीठ तोंडात धरवत नाही, असा तिचा हट्ट. प्रिसिलियानाशी त्यावरून दहा वर्षं अबोला होता. आणि आज म्हणते, "हा तुमच्याकडे राहू दे, बाई. मला आता नको."

मी तर खूशच झाले. शेवटी या बाईला गिरणीचं महत्त्व पटलं! प्रिसिलियानाला मी म्हटलंसुद्धा, बघ, वेळ लागतो, पण प्रगती होते. प्रिसिलियाना नुसती पाट्याकडे बघत राहिली. जिंकल्यावर गप्प बसायची तिची ही पहिलीच वेळ.

१७ फेब्रुवारी, बुधवार

मन ठिकाणावर नाही. त्या सहा वर्षांच्या पोराची आई आली होती. तो आता अंथरूण ओलं करतो आणि परसाकडेला एकटा जात नाही. ती तक्रार करायला आली नव्हती, उलट "पण जिवंत आहे, बाई" म्हणून माझा हात धरून गेली. तेवढ्याने मला जास्तच टोचलं.

जिवंत आहे हे खरं. पण माझ्याकडे या मुलांना द्यायला एकच गोष्ट होती, बाई खोटं बोलत नाहीत ही. ती मी खर्चून टाकली. ईस्टर झाला की खरं सांगून टाकीन. तोवर कालव्याला जाळी लावा म्हणून सरकारला तिसरा अर्ज केलाय. पहिल्या दोन्हींचं उत्तर आलेलं नाही.

२७ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवसांनी लिहिते आहे. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलीत, पेन्सिल धरवत नाही. पण हे लिहायलाच हवं.

बुधवारी राखेचा सण होता. तिन्हीसांजेला सगळी मुलं चर्चमधून परतत होती, कपाळांवर राखेचे क्रूस. मी अंगणात कोंबड्या कोंडत होते. एकदम धावण्याचा आवाज आला. कासिल्दा पुढे आणि मागे दहा-बारा मुलं, तोंडं पांढरी फटक.

"बाई, आत जा! ती आलीय. कालव्याच्या दाराकडून. इतकी लांबून ऐकू येतेय, बाई, म्हणजे फारच जवळ आहे."

आणि गेली पळत. मग गल्लीतली दारं लागायला लागली. एक, दुसरं, तिसरं. आया पोरांना आत ओढत होत्या. प्रिसिलियानाने गिरणीचा पत्रा खाली ओढला, तिने, जी मला येऊन म्हणाली होती की तुम्हीच सांगा आहे म्हणून. सांगता सांगता त्यांचाही विश्वास बसला होता. मीही कान दिला. होतं. खरंच कुणीतरी रडत होतं, बारीक, लांबून.

त्या घटकेला सगळ्या गावात योरोना नाही हे पक्कं ठाऊक असलेली मी एकटी होते, कारण तिला आणणारी मीच होते. माझ्या लेखी लांबून रडणारं माणूस लांबच असतं, आणि ते माणूसच असतं. मी चपला तिथेच टाकल्या आणि धावले. चोपन्न वर्षांची बाई, अनवाणी, खालच्या वाटेने.

होविता पाण्यात होती. पाणी सोडायच्या दारापाशी फार ओढ असते. तिने एका हाताने लोखंडी गज धरला होता आणि पाणी तिच्या गळ्यापर्यंत होतं. ती मदतीसाठी ओरडत नव्हती. नुसतं रडणं चाललं होतं, एका सुरात, जसं कुणी रोजचं काम करतं. तेव्हा कळलं की महिनाभर मुलं खोटं बोलत नव्हती. रोज तिन्हीसांजेला ती इथे येऊन बसत होती. आणि मी घरी जाऊन पोटभर हसले होते.

मी पालथी पडले, पाय काठावरच्या झाडाच्या बुंध्याला अडकवले, आणि अंगावरची शाल खाली सोडली. म्हटलं, धर. तिने शालीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. धरली नाही. मी रागावले, विनवलं, पुन्हा रागावले. थंडीने बोटं बधिर झाली असतील असं मला वाटलं. निदान तसं वाटून घेतलं.

मग मी गावाकडे तोंड करून ओरडले. "धावा, कुणीतरी या." उत्तरादाखल आणखी दोन दारं लागली. आता एक सोडून दोन रडणाऱ्या बाया कालव्यावर, कोण येणार? आणि माझा घसा बसत चालला होता. जितका आवाज बारीक होत होता तितकी मी त्यांना जवळ वाटत असणार. या गावाला मीच शिकवलेलं माझ्याच मुळावर आलं होतं.

भूत काय म्हणत नाही? मला एकच सुचलं. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षापासून, बेचाळीस सालापासून, नावं पटावर होती त्याच क्रमाने.

"आयाला, आबुंदिओ."

काही नाही.

"आयाला, आबुंदिओ! पुन्हा विचारणार नाही."

आबुंदिओ आज सदतीस वर्षांचा आहे, ऊसतोडणीचा मुकादम, तीन पोरांचा बाप. लांबून, कुठल्यातरी बंद दाराआडून, त्याचा जाडा आवाज आला, "हजर, बाई."

मग मी थांबलेच नाही. एकेक नाव घेत गेले आणि एकेक दार उघडत गेलं. "हजर." "हजर, बाई." मेलेल्यांची नावंही घेतली, उत्तरेला गेलेल्यांचीही, क्रम मोडला असता तर मला पुढचं आठवलं नसतं. पावलं वाजायला लागली, कंदील दिसला. पण ते अजून शेतापलीकडे होते आणि होविताचा हात गजावरून सुटत होता. माझी जीभ आपली चालूच. केव्हा जुना पट संपला आणि यंदाचा सुरू झाला ते मला समजलं नाही.

"मेदिना, कासिल्दा." कुठल्याशा कुडाआडून "हजर" आलं, रडवेलं.

"मोन्तिएल, ओतिलिया."

हे नाव मी पटावरून खोडलेलं नाही. नोव्हेंबरपासून रोज तिथे आले की एक श्वास घेते आणि पुढे जाते. त्या दिवशी श्वास नव्हता, म्हणून नाव बाहेर पडलं.

खालून, पाण्यातून, होविता म्हणाली, "हजर."

आणि तिने शाल धरली. एका हाताला दोन वेढे घेतले, मग दुसऱ्याला. मी पुढचं नाव घेतलं. आबुंदिओ आणि त्याचा भाऊ दोर घेऊन पोचेपर्यंत नावं घेत राहिले, आणि ती प्रत्येक नावाला ओठ हलवत होती.

माझ्या तळव्यांची साल शालीबरोबर गेली. जाऊ दे. देवाशी माझी फार ओळख नाही, पण त्या दिवशी जो कुणी माझ्या जिभेला ते नाव घेऊ देता झाला, त्याचे मी जन्मभर उपकार मानीन.

३ मार्च, बुधवार

होविता प्रिसिलियानाच्या घरी आहे. दहा वर्षं न बोललेल्या दोघी, आणि आता एकीला ताप आला की दुसरी रात्र जागते. डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली? प्रिसिलियाना म्हणाली, पाय घसरला. आबुंदिओ म्हणाला, शेवाळ फार आहे हो. मीही तेच म्हटलं. या वहीतसुद्धा पाय घसरला असंच राहू दे.

काल तिला भेटायला गेले. मला 'कोमाद्रे' म्हणाली आणि माझ्या हातांची फडकी बदलून दिली. मग म्हणाली, गिरणीचं पीठ खाऊन खाऊन तोंड विटलंय, पाटा कधी परत देतेस? प्रिसिलियानाने माझ्यासमोर तिला शिवी दिली, प्रेमळ नव्हती. मी ढसाढसा रडले. वर्गाबाहेर मी कधी रडत नाही, आणि वर्गात तर नाहीच.

आज मुलांना खरं सांगितलं. योरोना नाही, मी खोटं बोलले, का बोलले तेही सांगितलं, आणि माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. रागावली असती तर सोपं होतं. कासिल्दा बराच वेळ बाकावर नखाने रेघा ओढत होती. मग उभी राहिली.

"म्हणजे ती सगळा वेळ होविता मावशी होती?"

"हो."

"आणि आम्ही रोज पळत होतो."

मी म्हटलं, पळायला मी शिकवलं होतं, त्यात तुमचा दोष नाही. आता नवं शिकू. कालव्याच्या उतारावर पाय ठेवायचा नाही, कारण तो निसरडा आहे आणि त्यात भूत नाही तरी माणूस मरतं. आणि कुणी रडताना ऐकू आलं, लांबून किंवा जवळून, तर मोठ्या माणसाला हाक मारायची आणि मिळून तिकडे जायचं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी फळ्यावर लिहिलं नव्हतं तरी.

९ मार्च, मंगळवार

होविता परवा आपल्या घरी परतली. आबुंदिओ आणि आणखी सोळा जण, सगळे माझ्या जुन्या पटावरचे, रविवारपासून कालव्याला कुंपण घालताहेत. सरकारचं उत्तर आलेलं नाही. आलं तर त्याचाही उपयोग करू.

आज तिन्हीसांजेला मी तिच्याकडे निघाले, एकटी असेल म्हणून. दार उघडंच होतं. आत कासिल्दा, तिच्या पाच मैत्रिणी, आणि मोठं माणूस म्हणून बरोबर आणलेली कासिल्दाची आजी, जी दोन्ही कानांनी बहिरी आहे. सगळ्यांचे डोळे सुजलेले आणि सगळ्यांची तोंडं भरलेली. होविता तव्यावर भाकरी टाकत होती.

मी कासिल्दाला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चाललंय?

ती तोंडातला घास गिळून म्हणाली, "मावशी रडताना ऐकू आली, बाई. म्हणून आलो. विचारलं का रडतेस, तर म्हणाली ओतिलियासाठी. मग आम्हीपण रडलो. मग तिने विचारलं, भूक लागली का?"